रणपिसे मॅडमची हार्ड डिस्क

आमच्या नगरच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये 'सुमारे' हा शब्द उच्चारायची चोरी होती. कुणी सहज म्हणालं, "आज वर्गात सुमारे तीस मुलं होती," की खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज यायचा, "सुमारे म्हणजे किती?" सांगणारा गडबडायचा. मग तो हजेरीपट उघडायचा, मोजायचा आणि ओशाळून म्हणायचा, "सव्वीस." खिडकीतल्या बाई मान हलवायच्या आणि पुन्हा पेपर तपासायला लागायच्या. या रणपिसे मॅडम. भूगोल शिकवायच्या. पाठीमागे सगळे त्यांना 'सुमारे मॅडम' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

बुटकी मूर्ती, सावळा रंग, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. नवीन मुलं पहिल्या दिवशी बुटांना हसायची. पुढे त्यांना कळायचं, की शनिवारचा शेवटचा तास संपला की मॅडम त्याच बुटांनी एसटी स्टँड गाठतात आणि कर्जतची गाडी पकडतात. कर्जत तालुक्यात त्यांच्या एकशे सव्वीस विहिरी होत्या. त्यांच्या म्हणजे मालकीच्या नव्हेत. त्या दर मे महिन्यात आणि दर ऑक्टोबरात त्या विहिरींतलं पाणी मोजायच्या. पर्समध्ये पोलादी टेप, टेपच्या टोकाला पितळी वजन, आणि कॉलेजचे दोन खडू. टेपच्या खालच्या टोकाला खडू चोळायचा, टेप पाण्यात सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. हिशेब झाला की आकडा वहीत. नऊ वर्षं त्या हे करत होत्या. बोअर वाढत चालल्या तशा विहिरी कुठे, कशा आणि किती आटत गेल्या, हा त्यांच्या पीएचडीचा विषय होता.

मी पदार्थविज्ञानाचा. मूळ अकोले तालुक्यातल्या, घाटाजवळच्या धो-धो पावसाच्या राजूरचा. त्या मला म्हणायच्या, "तुमचं बरंय सर, तुमच्या राजूरचं पाणी वरून पडतं. आमचं खालून ओढावं लागतं." एका मे महिन्यात मी हौसेने त्यांच्याबरोबर गेलो. दुपारी दोनपर्यंत माझं डोकं भणभणायला लागलं आणि मी एका लिंबाखाली बसून राहिलो. त्या मात्र बांधाबांधाने पुढे गेल्या. एका विहिरीवर शेतकऱ्याने सांगितलं, "बाई, चार परसावर पानी हाय." परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप. मॅडमनी विचारलं, "कोणाच्या उंचीचे चार परस? तुमच्या का तुमच्या वडलांच्या?" तो हसला. म्हणाला, "आमचं म्हातारं लई उंच हुतं." मॅडमनी टेप सोडली.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट त्या स्वतःच हसत सांगायच्या. एका विहिरीवर मालकाने विचारलं, "कोन म्हनायच्या तुमी?" यांनी सांगितलं, रणपिसे. आडनावावरून त्याला कळायचं ते कळलं. मग म्हणाला, "आत उतरू नका म्हंजे झालं." मॅडम म्हणाल्या, "मी उतरत नाही, टेप उतरते." मोजलं, आकडा वहीत लिहिला, आणि तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिला. ऑक्टोबरात परत गेल्या तर तो ती चिठ्ठी टोपीच्या घडीतून काढून विहिरीवर उभाच होता. "आता किती चढलंय बघा की."

मात्र कुठल्याही विहिरीचं पाणी त्या प्यायच्या नाहीत. खांद्याला स्वतःची बाटली असायची. मी एकदा कारण विचारलं. चालता चालता म्हणाल्या, "माझी आई घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची. कुणी येऊन वरून ओतलं तर पाणी. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तरी गावात ते बरीच वर्षं तसंच चाललं. आई म्हणायची, आपल्याला विहीर किती खोल हाय ते कधी दिसलंच न्हाई." एवढंच. पुढे पुन्हा त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने बहिणीला एक वापरलेला लॅपटॉप आणला. काळा, जाड, पोळपाटाइतका जड. आमच्या कॉलेजात त्याआधी लॅपटॉप कुणी पाहिला नव्हता. मॅडम त्याला 'यंत्र' म्हणायच्या. एका सुट्टीत त्यांनी वह्यांमधले सगळे आकडे यंत्रात भरले. प्रबंधही त्यातच लिहू लागल्या. जुन्या वह्या कर्जतच्या घरी ट्रंकेत ठेवल्या. त्या घराचा पत्रा एका पावसाळ्यात गळला, ट्रंकेत पाणी गेलं, मागून वाळवी लागली. नगरला त्यांच्याजवळ असलेल्या शेवटच्या तीन वर्षांच्या वह्या तेवढ्या उरल्या. हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आम्ही हळहळलो, पण त्या शांत होत्या. "यंत्रात आहे ना सगळं," म्हणाल्या. शिवाय फ्लॉप्यांवर दोन प्रती काढून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. दमट हवा लागू नये म्हणून तळाला तांदूळ.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी त्या माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, कान लावा."

मी कान लावला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. मग कुर्र असा घासल्यासारखा आवाज, आणि पुन्हा टक्.

"गेल्या मंगळवारपासून," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दोनदा. परवा चार वेळा. काल सात."

मला तो आवाज ठाऊक होता. हार्ड डिस्क जायच्या आधी असाच आवाज करते. मी म्हणालो, "फ्लॉप्या आहेत ना?" त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. तांदूळ झटकून एकेक फ्लॉपी मी आमच्या मशीनमध्ये घातली. एकही वाचता येईना. दुपारपर्यंत मला उलगडा झाला. यंत्राच्या फ्लॉपी ड्राइव्हचं वाचणारं टोक केव्हातरी किंचित सरकलं होतं. त्याने लिहिलेलं फक्त त्यालाच वाचता यायचं. आणि तो ड्राइव्ह आता पूर्ण बंद पडला होता.

मॅडम तांदूळ परत डब्यात भरत होत्या. एकेक दाणा वेचून. "एकतीस मार्चला प्रबंध द्यायचाय," त्या म्हणाल्या. "दोनदा मुदत वाढवून घेतलीय. तिसऱ्यांदा मिळत नाही. आणि माझे गाइड मेमध्ये रिटायर होतायत."

कॉलेजात कॉम्प्युटर उघडलेला मी एकटाच. त्या माहितीच्या जोरावर मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "घाबरू नका. नवी हार्ड डिस्क आणू. आपल्या मोठ्या मशीनला जुनी आणि नवी दोन्ही जोडायच्या, सगळं उतरवून घ्यायचं आणि नवी तुमच्या यंत्रात बसवायची. जोडणीचा एक छोटा भाग लागतो, तो मी मागवतो. डिस्क तुम्ही पुण्याहून आणा. अडीच इंची म्हणायचं. लॅपटॉपच्या सगळ्या सुमारे सारख्याच असतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी त्यांनी विचारलं असतं. त्या दिवशी विचारलं नाही.

त्या पुण्याला गेल्या, अडीच इंची डिस्क घेऊन आल्या. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. आम्ही जुनी डिस्क काढून त्या खोबणीत ती घालून पाहिली, तर ती आत जाईना. जाड होती. मी दाबून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "दाबू नका." मग मी माफी मागायच्या आत म्हणाल्या, "चूक माझी. मी न मोजता आणली."

त्याच दिवशी त्यांनी माझ्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर कॅलिपर मागून घेतलं, वहीत सही करून. जुनी डिस्क मोजली. साडेबारा मिलिमीटर. नवी मोजली. सतरा. पुढच्या खेपेस व्हर्निअर पर्समध्ये घालून त्या पुण्याला गेल्या. दुकानात त्यांनी काय केलं ते त्या दुकानदारानेच मला फोनवर सांगितलं: "अहो सर, बाईंनी अकरा डिस्का मोजल्या. गिऱ्हाइकं बघत उभी." या वेळी आणलेली डिस्क खोबणीत अशी गेली की मॅडमनी चक्क टाळी वाजवली. झाकण बसवलं, बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी आल्या आणि तिथेच ते थिजलं. पुन्हा पुन्हा तेच. पाच-सहा वेळा करून पाहिलं. शेवटी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी शब्दन् शब्द वाचली, तेव्हा कळलं की ते जुनं यंत्र एका मर्यादेपेक्षा मोठी डिस्क ओळखतच नाही. मॅडमनी आणलेली तिच्या दुप्पट होती. दुकानात तेव्हा मिळणारी सर्वात लहान.

मी पुण्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "एवढी लहान आता येतच नाही सर. ते दिवस गेले."

मॅडम बाकावर बसून ऐकत होत्या. मी फोन ठेवला तशी त्यांनी विचारलं, "म्हणजे मोठी मिळते म्हणून मी बुडणार?"

मी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.

मधल्या दिवसांत काय चाललं होतं ते सांगायला हवं. मॅडम रोज जुनी डिस्क पुन्हा आत बसवून यंत्र सुरू करत होत्या आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहीत होत्या. तारीख डोक्यावर होती. आवाज वाढत चालला होता. त्या टिकटिकीकडे लक्ष जाऊ नये म्हणून शेजारी रेडिओ लावायच्या. मी हे पाहत होतो. थांबा म्हणालो नाही.

मग त्यांनी एक यादी केली. जिल्ह्यात कोणाकोणाकडे लॅपटॉप असू शकतो. एका साखर कारखान्याचे इंजिनिअर, नगरचे एक डॉक्टर, एक बिल्डर, एका माजी आमदारांचे चिरंजीव, शिर्डीचे एक लॉजवाले. कॉलेजसमोरच्या एसटीडी बूथवरून त्या एकेकाला फोन करायच्या. "नमस्कार, मी प्राध्यापक रणपिसे. तुमच्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची जाडी किती आहे?" पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा. त्या परत लावायच्या. बूथवाला मला म्हणाला, "सर, बाईंना बरं न्हाई का?" स्टाफरूममध्ये हसू व्हायचं. पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. शिकवताना मध्येच थांबायच्या. एकदा वर्गातून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, मी आत्ता पोरांना म्हणाले, सुमारे शंभर किलोमीटर." आणि त्यांचे डोळे भरून आले.

शिर्डीच्या लॉजवाल्याने फोन ठेवला नाही. त्याचा लॅपटॉप पडून पडदा फुटला होता. आम्ही दोघे गेलो. मार्चचा दुसरा आठवडा. लॉजच्या काउंटरवर गुलाबाच्या हारांच्या टोपलीशेजारी तो लॅपटॉप बंद अवस्थेत ठेवलेला होता, वर मखमली रुमाल. मॅडमचं यंत्र ज्या वर्षीचं, हाही साधारण त्याच काळातला. लॉजवाला भला माणूस होता, पण द्यायला तयार होईना.

"बंद असला तरी लॅपटॉप हाय मॅडम," तो म्हणाला. "काउंटरवर दिसला की गिऱ्हाइकावर छाप पडती. आम्ही फुटका पडदा कुणाला दावत न्हाई."

"मला लॅपटॉप नको," मॅडम म्हणाल्या. "पोटातली एक पट्टी हवी. बाहेरून जसाच्या तसा राहील. रुमालासकट."

तो विचारात पडला. "पट्टी कशाला पायजे?"

मॅडमनी त्याला विहिरी सांगितल्या. नऊ वर्षं, एकशे सव्वीस विहिरी. मागे भाविकांची रांग, कुणी खोलीची किल्ली मागतंय, कुणी गरम पाणी विचारतंय, आणि मॅडम सांगतायत. लॉजवाला ऐकत राहिला. त्याचं मूळ गाव तिकडचंच, मिरजगावजवळचं. मध्येच त्याने विचारलं, "आमच्या गावची इहीर हाय का त्यात? वडाखालची?" मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. "आहे. सत्तेचाळीस नंबर. काठावर दक्षिणेला एक दगड निखळलाय."

त्याने स्वतः स्क्रू काढायचा पेचकस आणून दिला.

काउंटरवरच मॅडमनी व्हर्निअर लावलं. साडेबारा. चिकटवलेल्या कागदावर डिस्कची क्षमता लिहिलेली होती. यंत्राच्या मर्यादेत बसत होती. त्यांनी दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं आणि मग त्या लॉजच्या पायरीवर बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. लॉजवाल्याने निघताना पेढ्यांची पुडी हातात ठेवली. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

पुढच्या रविवारी प्राचार्यांनी मोठं मशीन उघडायची परवानगी दिली. जोडणीचा भाग पुण्याहून आला होताच. सकाळी दहाला मी जुनी आणि शिर्डीची, दोन्ही डिस्का जोडल्या. जुनी दिसली! पडद्यावर त्यांच्या फोल्डरांची नावं आली. 'प्रबंध'. 'विहिरी'. मी सगळंच्या सगळं उतरवायची आज्ञा दिली. अकरा मिनिटं ते चाललं. मग टक्, टक्, टक्, आणि डिस्क नाहीशी झाली.

एवढ्या वेळात उतरलं होतं काय, तर यंत्राचे स्वतःचे प्रोग्राम. आपल्या कामाचं काहीच नाही.

डिस्क हाताला चटका बसेल इतकी तापली होती. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रसायनशास्त्राच्या फ्रिजमध्ये ठेवली. तासाभराने जोडली, तर पुन्हा दिसली. मी म्हणालो, "मॅडम, आता किती वेळ मिळेल सांगता येत नाही. आधी काय घेऊ? प्रबंध की विहिरी?"

माझ्या दृष्टीने उत्तर उघड होतं. सतरा दिवसांवर तारीख होती. प्रबंध घेतला असता, छापला असता, पीएचडी झाली असती. मी बोट ठेवून तयार होतो.

"विहिरी," त्या म्हणाल्या.

"मॅडम, प्रबंध तीन मिनिटांत उतरेल."

"प्रबंध मला परत लिहिता येईल. चौऱ्याण्णवच्या मेमधलं पाणी परत मोजता येत न्हाई."

"अहो पण..."

"वेळ जातोय सर. जुन्यातलं जुनं वर्ष आधी घ्या. शेवटच्या तीन वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडे."

मी नव्वद साल घेतलं. दर विहिरीची वेगळी फाइल, दर फाइलीत नकाशाचा तुकडा, आणि अडखळत वाचणारी डिस्क. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होत्या. आठ मिनिटांनी बंद. फ्रिज. मग सहा मिनिटं. फ्रिज. मग चार. संध्याकाळी पाचला त्र्याण्णव साल पूर्ण झालं. चौऱ्याण्णवच्या पहिल्या चार विहिरी आल्या आणि डिस्क थांबली. त्यानंतर पुन्हा जोडली तेव्हा टक् असाही आवाज आला नाही. नुसती गप्प.

मॅडमनी ती हातात घेतली, कानाशी नेली. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती घेऊन पुण्याला गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत एक तरुण मेकॅनिक बसायचा, हुशार माणूस. त्याने ती जोडून पाहिली, मान हलवली. आतली तबकडी खरवडली गेलीय म्हणाला. मग आमची सगळी हकिगत ऐकली आणि बशीत चहा ओतत सहज म्हणाला, "पण तुम्ही ती सतरा मिलिमीटरवाली नेली होती ना? तिच्यावरच का नाही उतरवून घेतलं? जुनी पहिल्याच दिवशी बाहेर काढायची, मोठ्या मशीनला कुठलीही जोडायची, सगळं काढून घ्यायचं. यंत्रात बसणारी डिस्क नंतर निवांत शोधली असती."

मी मॅडमकडे पाहू शकलो नाही. जी डिस्क खोबणीत बसत नव्हती ती मोठ्या मशीनला व्यवस्थित जोडता आली असती. जी यंत्राला ओळखू येत नव्हती तीसुद्धा. जोडणीचा भाग मी दोन आठवडे आधी मागवू शकलो असतो. एक महिना आम्ही योग्य डिस्क शोधत राहिलो, आणि उतरवून घ्यायला कुठलीही डिस्क योग्यच होती. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. असलेल्या मला हे सुचलं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. सुप्याच्या अलीकडे मी म्हणालो, "मॅडम, माझ्यामुळे झालं."

"हो," त्या म्हणाल्या.

त्या हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. माणसं अशा वेळी नाही म्हणतात.

थोड्या वेळाने त्यांनी वही काढली, तारीख घातली आणि हलत्या गाडीत वेड्यावाकड्या अक्षरात काहीतरी लिहिलं. मला दाखवलं. 'जुनी डिस्क बंद करून आधी उतरवायला हवी होती. सरांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.' मग म्हणाल्या, "अर्धं माझं आहे. त्यापेक्षा जास्त तुम्ही घेऊ नका."

पुढचे चौदा दिवस त्या ग्रंथालयात बसून हाताने प्रबंध लिहीत होत्या, आठवून आठवून. उजव्या हाताचं बोट सुजलं तेव्हा त्यांनी त्याला चिंधी गुंडाळली. सात प्रकरणांपैकी तीन झाली. तीस तारखेला त्या गाइडकडे गेल्या. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "डिस्क बिघडली हे कारण मी अर्जात कसं लिहू? विद्यापीठ हसेल." नोंदणी रद्द झाली. स्टाफरूममध्ये कुणीतरी 'सुमारे डॉक्टर' असं नवं नाव काढलं. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्या उठून बाहेर गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस कुणी 'सुमारे' म्हणालं तरी खिडकीतून आवाज येत नसे. त्या खुर्चीत असायच्या, पण पेपर उघडलेला तसाच. मी एकदा मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "आज सुमारे चाळीस मुलं होती." त्यांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि मान खाली घातली. मला माझीच शरम वाटली.

त्या वर्षी त्या मेमध्ये कर्जतला जाणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या गेल्या. मला जूनपासून दुसऱ्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं, म्हणून निरोप घ्यायला त्यांना शोधत मी एका गावी पोहोचलो. दुपारची वेळ. झेडपीच्या शाळेच्या ओसरीत मॅडम चटईवर बसल्या होत्या, समोर पंचवीस-तीस माणसं. गावातल्या विहिरींचे आकडे त्या वाचून दाखवत होत्या. प्रबंध नाही तर नाही, ज्याचं पाणी त्याला तरी सांगावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "माझ्या इहिरीचं पंच्यान्नवचं सांगा," तो म्हणाला. "त्या सालापासूनच तिचं पानी बसलं."

मॅडम थांबल्या. "बाबा, ते वर्ष माझ्याकडं नाही. मी मोजलं हुतं, पण माझ्याकडून गेलं. चौऱ्याण्णव पण गेलं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

म्हातारा खाली बसला. "मोजलं हुतं ते मला याद हाय. तुमी माझ्याच बांधावर बसून भाकर खाल्ली हुती. मग मी सांगतो की. लिवा. त्या मेमधी मी आन् माझा चुलतभाऊ गाळ काढाया उतरलो हुतो. पानी हितवर हुतं." त्याने छातीखाली हात लावला. "वरनं उतरायची धा पायटं उघडी पडल्याली. अकरावं पान्यात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाबा, हे मोजलेलं नाही. हे आकड्यांत घालता येत नाही."

"नका घालू. पर लिवा तरी."

त्या बराच वेळ त्याच्या छातीखालच्या हाताकडे पाहत राहिल्या. मग पर्समधून पेन्सिल काढली, पानाच्या कडेला एक उभी रेघ ओढली आणि तिच्यापलीकडे वर लिहिलं, 'सांगितलेलं'. "कुठे हात लावला होता? परत लावा," त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने उभं राहून लावला. त्यांनी उठून जमिनीपासून तिथपर्यंत टेप धरली.

ते पाहून मागची एक बाई पुढे सरकली. "आमच्या इहिरीत त्या साली थोरलीच्या लग्नाचं भांडं पडलं हुतं, ते तळाला दिसत हुतं." मग आणखी एक जण. मग ओसरीत एकच गलका झाला. ज्याला त्याला त्या दोन वर्षांतलं काही ना काही आठवू लागलं.

नगरची गाडी फाट्यावर येऊन हॉर्न वाजवत होती. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे. त्या बाईला विचारत होत्या, "भांडं केवढं होतं? आणि सकाळी दिसायचं का दुपारी?"